दार कोणासाठी?

(पुनरुत्थान काळातील चौथा रविवार – उत्तम मेंढपाळाचा रविवार)



आज उत्तम मेंढपाळाचा रविवार. आजच्या दिवशी जगभरातील ख्रिस्तसभा धर्मगुरुपदाच्या आणि व्रतस्थ जीवनाच्या पाचारणासाठी प्रार्थना करते. यंदाचे शुभवर्तमान संत योहानाच्या दहाव्या अध्यायाच्या सुरुवातीचे आहे. ते नीट ऐकले तर एक गोष्ट लक्षात येईल. या उताऱ्यात प्रभू येशू स्वतःला अजून मेंढपाळ म्हणत नाही. ते पुढच्या ओळींत येते. त्याआधी तो स्वतःला मेंढवाड्याचे दार म्हणतो. खांद्यावर कोकरू घेतलेल्या मेंढपाळाचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर आहे. दाराचे चित्र मात्र कोणी लावत नाही. म्हणून आज आपण दारावरच थोडे मनन करू या.

दार म्हटले की जालन्याच्या माणसाला मूर्तीवेस आठवते. कुंडलिकेच्या काठच्या या शहराला पूर्वी तट होता. निजाम आसफजाहच्या काळात, १७२५ साली, मस्तगडाचा किल्ला बांधला गेला. आज तटाची भिंत शोधावी लागते, पण वेशीचे नाव लोकांच्या तोंडी टिकून आहे. पलीकडे छत्रपती संभाजीनगरातही तेच. मलिक अंबरने १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा उभा आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंची भिंत कुठे गेली ते विचारायला नको. भिंती पडतात आणि दारे मागे राहतात. बहुधा माणसाला भिंतीपेक्षा दाराची आठवण जास्त असते, कारण आपल्याला आत घेतले की बाहेर ठेवले, हे दारातच ठरते.

अशाच एका दारापाशी डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही उभे होतो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी जुन्या गोव्यात खुले होते. या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात से कॅथेड्रलमध्ये होते. आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे घेऊन आम्ही बसने गेलो होतो. दर्शनाची रांग मोठी होती, पण सर्वांचे दर्शन समाधानाने झाले. बस सुटायला वेळ होता, म्हणून आम्ही मांडवी नदीच्या धक्क्याकडे पायी निघालो. तिथे वाटेवरच एक दगडी कमान उभी आहे. दिवाडी बेटावरून फेरीबोटीने आलेली माणसे तिच्याखालून ये-जा करतात. मोटारसायकली जातात, शाळेची मुले जातात. तिला दाराची फळी नाही, कडी नाही, पहारेकरीही नाही.

ही व्हाइसरॉयची कमान. तिचा थोडा इतिहास सांगायला हवा. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकले. तो अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा सण होता, म्हणून ती त्या शहराची आश्रयदाती संत झाली. पुढे १५९७ साली फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय म्हणून गोव्यात आला. हा वास्को द गामाचा पणतू. पणजोबाच्या जलप्रवासाला शंभर वर्षे होत होती. त्याच्या स्मरणार्थ त्याने नदीच्या धक्क्यावर ही कमान उभारली. जुलिओ सिमाओ नावाच्या वास्तुविशारदाचे हे काम. नदीच्या बाजूला कोनाड्यात वास्को द गामाचा पुतळा बसवला. लिस्बनहून येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय इथे बोटीतून उतरायचा, या कमानीखाली त्याला शहराच्या किल्ल्या दिल्या जायच्या आणि मग तो वाजतगाजत शहरात जायचा.

त्या काळी युरोपात जुनी शैली मागे पडून बरोक नावाची नवी शैली येत होती. उंच दर्शनी भाग, कोरीव खांब, भव्यता, पाहणाऱ्याचे मन एकदम भारून टाकणे ही तिची ओळख. गोव्यात तिची सुरुवात बॉम जीझस बॅसिलिकाने झाली. तिचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिचा अभिषेक झाला. व्हाइसरॉयची कमान त्या मानाने साधी आहे. पण हेतू तोच होता. बोटीतून उतरणाऱ्याने मान वर करून पाहावे आणि इथे सत्ता कोणाची आहे हे समजून घ्यावे.

आम्ही हे सर्व आपल्या लोकांना सांगत होतो. कमानीखालून पलीकडे, म्हणजे शहराच्या बाजूला गेल्यावर वर आणखी एक पुतळा दिसतो. एक स्त्री उभी आहे. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात उघडे पुस्तक, आणि तिच्या पायाखाली एक माणूस पडलेला आहे. हा पुतळा संत कॅथरिनचा मानला जातो. आमच्यासोबत एक आजी होत्या. त्यांनी पदराने डोळ्यांवर आडोसा करून बराच वेळ वर पाहिले आणि विचारले, “फादर, त्या बाईच्या पायाखाली कोण हाये?”

आम्ही सांगितले ते खरेच होते. संत कॅथरिन ही विद्वान कुमारिका. परंपरा सांगते की रोमी सम्राटाने ख्रिस्तावरील श्रद्धेसाठी तिला ठार मारवले. म्हणून युरोपातील चित्रकार आणि शिल्पकार तिच्या पायाशी तो सम्राट दाखवतात. ज्याने तिला मारले तो शेवटी हरला आणि ती जिंकली, असा त्याचा अर्थ. मात्र गोव्याच्या कमानीवर पायाखालच्या माणसाला रोमी सम्राटाचा वेश नाही. त्याला आपल्या पूर्वेकडचा वेश दिला आहे.

आजींनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “म्हंजी त्यो आपल्यातलाच की, फादर.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. बसमध्ये सर्वजण रोझरी म्हणत होते, आम्हीही म्हणत होतो, पण मन त्या कमानीपाशी अडकले होते. एक हुतात्मा स्त्री. तिच्या हाती सत्ता नव्हती, सैन्य नव्हते. तिने राजापुढे मान तुकवली नाही, म्हणून ती संत झाली. तिलाच नेऊन राज्यकर्त्यांच्या दारावर उभे केले आणि पायाखाली जिंकलेल्या देशाचा माणूस ठेवला. जी स्वतः राजाच्या जुलुमाला बळी पडली, तिला राजाच्या बाजूने उभे करण्यात आले. दोष संत कॅथरिनचा नाही. दोष दार बांधणाऱ्यांचा आहे.

हे आपण चर्चच्या पत्रिकेत लिहावे का, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. आम्हाला वाटते, लिहावे. ज्या शहरात संत फ्रान्सिस झेवियर यांनी रुग्णांची सेवा केली, त्याच शहरात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, इन्क्विझिशनचे न्यायालय चालले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळातील पहिल्या रविवारी, सेंट पीटर बॅसिलिकात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली वापरलेल्या बळजबरीचाही त्यात उल्लेख होता. पोपमहाशय जे मोठ्याने बोलले ते आपण कुजबुजत बोलण्याचे कारण नाही.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना अरिस्टॉटलची चार कारणे पाठ केली होती. कोणतीही वस्तू समजून घ्यायची तर चार प्रश्न विचारावे. ती कशाची आहे? तिचा घाट कोणता? ती कोणी केली? आणि ती कशासाठी आहे? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, असे आमचे प्राध्यापक सांगत. जुन्या गोव्याच्या कमानीला हे प्रश्न विचारून पाहा. ती जांभ्या दगडाची आहे. घाट कमानीचा आहे. सिमाओने ती केली. ती कशासाठी? शहराच्या किल्ल्या एका माणसाच्या हाती देण्यासाठी आणि इतरांनी ते पाहावे यासाठी.

त्या हेतूचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. फ्रान्सिस्को द गामावर लोक इतके चिडले की १६०० च्या सुमारास, तो गोवा सोडून निघाला तेव्हा, त्यांनी त्याच्या पणजोबाचा पुतळा कमानीवरून खाली ओढून फोडला. पुढे तो पुन्हा बसवावा लागला. मग साथीच्या रोगांनी शहर पोखरले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. शेवटी कमानही ढासळली आणि १९५४ मध्ये ती नव्याने बांधावी लागली. त्यानंतर सातच वर्षांत, डिसेंबर १९६१ मध्ये, पोर्तुगीज सत्ता गोव्यातून गेली. आज तिथे कोणाच्या हाती किल्ल्या दिल्या जात नाहीत. भाजीची पिशवी घेतलेली बाई तिच्याखालून वर न पाहता निघून जाते.

आता आपण गोव्याहून आपल्या गावी येऊ. कारण बाहेरच्या लोकांनी बांधलेल्या दारावर टीका करणे सोपे असते.

आपल्याकडे गावाच्या दाराला वेस म्हणतात. आपल्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांची घरे वेशीच्या आत नव्हती, गावकुसाबाहेर होती. हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही आणि तुम्हालाही वाटू नये. ज्यांनी बाहेर ठेवले त्यांनी लाजावे, ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी नव्हे. वेस राखण्याचे काम ज्याच्याकडे असे त्याला येसकर म्हणत. रात्री वेस लावायची, सकाळी उघडायची, कोण आला कोण गेला ते पाटलाला सांगायचे, आणि त्याबद्दल दारोदार फिरून भाकरी मागून आणायची. हे काम बाहेर राहणाऱ्यांपैकीच एकाच्या पाळीला येई. म्हणजे जो दार राखत होता त्याला स्वतःला दाराच्या आत घर नव्हते. आपल्यातील वयस्कर मंडळींनी येसकरपाळीच्या गोष्टी आपल्या वडिलांकडून ऐकल्या असतील. मराठवाड्यात शुभवर्तमान घेऊन आलेल्या फादरांना आणि प्रचारकांना आधी याच घरांत जागा मिळाली. त्या घरांत प्रथमच कोणी सांगितले की देवाच्या घराला तुमच्यासाठी दार आहे.

ज्यांचे वाडवडील दाराबाहेर थांबले, त्यांच्या चर्चचे दार कसे असायला हवे? हा प्रश्न विचारण्याआधी आम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे.

एप्रिल २०२४ मध्ये एक जोडपे आमच्या कचेरीत आले होते. सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. कारखान्याचा पट्टा पडून ते नुकतेच गावी परतले होते. दिवाळीच्या आधी ट्रकमध्ये संसार टाकून निघायचे, कारखान्याच्या शिवारात खोपी करून राहायचे, पहाटेपासून ऊस तोडायचा आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली की परतायचे, असे त्यांचे वर्ष. मुलीला मागे ठेवायला घरी कोणी नव्हते, म्हणून तीही सोबत जायची. त्यांना मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद हवा होता. आम्ही धर्मशिक्षणाच्या हजेरीचे रजिस्टर उघडले. जूनपासून दिवाळीपर्यंत तिची हजेरी होती, पुढे सहा महिने कोरे. धर्मग्राम समितीने आणि आम्ही मिळून नियम केला होता की पूर्ण वर्षाची हजेरी असल्याशिवाय नाव घ्यायचे नाही. नियम वाईट हेतूने केला नव्हता. मुलांची तयारी नीट व्हावी, संस्काराचा केवळ फोटो काढण्याचा कार्यक्रम होऊ नये, असा विचार होता. आम्ही रजिस्टर त्यांच्याकडे फिरवून दाखवले आणि म्हणालो, “पुढच्या वर्षी बघू.” तिचे वडील म्हणाले, “बरं फादर.” आणि तिघेही गेले.

त्या मुलीला आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. तुला काय येते, येशू कोण आहे, ख्रिस्तप्रसाद म्हणजे काय, हे काहीच विचारले नाही. विचारले ते फक्त रजिस्टरला.

आम्ही शांतपणे झोपलो असू त्या रात्री. आठवण आली ती आठ महिन्यांनी, गोव्याहून परतताना. आजींचे शब्द कानात होते आणि एकदम ते रजिस्टर डोळ्यांपुढे आले. एप्रिल २०२५ मध्ये ते कुटुंब परतल्यावर येईल, असे आम्ही धरून चाललो. ते आले नाहीत. आम्हीही गेलो नाही. कामे होती, आजारी माणसे होती, एक ना अनेक कारणे होती. यंदा पट्टा पडल्यावर मात्र आम्ही त्यांच्या गावी गेलो. वडिलांची आम्ही क्षमा मागितली तेव्हा ते गडबडले. “तुम्ही नियम सांगितला फादर, त्यात चूक काय?” असे म्हणाले. आई चुलीपाशी चहा करत होत्या. मागे न वळता त्या बोलल्या, “दार लावलेलं दिसलं की आम्ही वाजवत नाही, फादर. सवय नाही आम्हाला.”

बंधु-भगिनींनो, या एका वाक्यात आमच्या धर्मगुरुपदाची परीक्षा झाली. आपले कचेरीचे दार त्या दिवशी उघडेच होते. लोखंडी जाळी सरकवलेली होती, पंखा चालू होता, खुर्ची दिली होती. तरी त्यांना दार लावलेले दिसले. ज्यांच्या कितीतरी पिढ्यांना दारातून परत फिरावे लागले, त्यांना दार लावायला कडी घालावी लागत नाही. रजिस्टर फिरवून दाखवले तरी पुरते. त्या कमानीवर पायाखाली एकाला दाखवले आहे, आमच्या टेबलापुढे त्या दिवशी तिघे उभे होते.

१९१० पर्यंत कॅथलिक मुलांना प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी बऱ्याच ठिकाणी दहा, बारा, क्वचित चौदा वर्षांचे होईपर्यंत थांबावे लागे. संत पोप पायस दहावे यांच्या आदेशावरून ८ ऑगस्ट १९१० रोजी एक आज्ञापत्र निघाले. त्यात म्हटले होते की साधारण सातव्या वर्षी, जेव्हा मूल साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतला फरक ओळखू लागते, तेव्हा ते या मेजवानीला पात्र होते. आजचा ख्रिस्तसभेचा कायदाही मुलाच्या कुवतीप्रमाणे समज आणि काळजीपूर्वक तयारी मागतो. ती तयारी करून घेणे ही आईवडिलांची आणि धर्मगुरूंची जबाबदारी आहे, असे तो सांगतो. त्यात हजेरीच्या दिवसांची संख्या दिलेली नाही. म्हणजे मुलीची तयारी झाली नसेल, तर प्रश्न आधी आम्हाला विचारायला हवा होता.

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, तेव्हा ती कमान नव्हती. ते पोपचे प्रतिनिधी म्हणून आले होते, तरी त्यांनी इस्पितळात रुग्णांजवळ राहणे पसंत केले. मग ते हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरायचे आणि मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करायचे. मुले चर्चमध्ये येण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. त्यांच्याकडे रजिस्टर नव्हते, घंटा होती.

त्यांच्यानंतरच्या शतकातले गोव्याचे सुपुत्र संत जोसेफ वाझ. जन्म १६५१ चा, बाणावलीचा. त्या काळी बहुतेक युरोपीय संघांत गोव्याच्या देशी धर्मगुरूंना प्रवेश मिळत नसे. तेही एक लावलेले दार होते. फादर वाझ आणि त्यांचे सोबती जुन्या गोव्याच्या टेकडीवर एकत्र राहून प्रार्थना आणि सेवा करू लागले. श्रीलंकेत डच सत्तेखाली कॅथलिकांचा छळ होत होता, तिथे धर्मगुरू उरला नव्हता. १६८७ मध्ये फादर वाझ मजुराच्या, भिकाऱ्याच्या वेशात तिथे पोहोचले. कँडीच्या राज्यात गेले तेव्हा हेर समजून त्यांना कैदेत टाकले. तिथूनच त्यांनी सेवा सुरू केली. १७११ मध्ये कँडीतच त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. ज्या व्हाइसरॉयांनी कमानीखाली किल्ल्या घेतल्या, त्यांची नावे आज कोणाला पाठ आहेत? भिकाऱ्याच्या वेशात गेलेल्या त्या धर्मगुरूच्या नावाने मात्र आज वेदीवर मिस्सा होते.

आता पुन्हा शुभवर्तमानाकडे येऊ. प्रभू येशू स्वतःला कसले दार म्हणतो? शहराची कमान नव्हे, राजवाड्याचा दरवाजा नव्हे. मेंढवाड्याचे दार म्हणतो. उन्हाळ्यात आपल्या शिवारात धनगर मेंढ्या बसवायला येतात, ते तुम्ही पाहिले आहे. चारी बाजूंनी जाळी लावतात, मेंढ्या आत घेतात, आणि रात्री धनगर स्वतः घोंगडी टाकून मेंढ्यांपाशीच आडवा होतो. लांडगा आला तर आधी त्याच्यापाशी यायला हवा. कोकरू बाहेर राहिले तर त्याचे ओरडणे आधी त्याच्याच कानी पडते. हे दार दगडाचे नाही, जिवंत माणसाचे आहे. त्याच्यावर पुतळा बसवता येत नाही आणि त्याच्या पायाखाली कोणी नसते. उलट ते स्वतःच जमिनीवर अंथरलेले असते.

शिवाय प्रभू म्हणतो की या दारातून मेंढरे आत येतील आणि बाहेरही जातील, आणि त्यांना चारा मिळेल. बाहेर जाणेही त्याने धरले आहे. दिवाळीला जो बाहेर जातो तो कळपातून उठून गेला, असे प्रभू समजत नाही. तो चाऱ्यासाठी गेला आहे. ऊसतोडीला गेलेले आपले बांधव दुसरे काय करतात?

आणि एक शेवटची गोष्ट. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात लेखक आठवण करून देतो की येशूने दुःख सोसले ते शहराच्या वेशीबाहेर, आणि आपणही त्याचा अपमान सोसत तिकडे, वेशीबाहेर, त्याच्याकडे जावे. येरुशलेमच्या दारातून त्याला क्रूस घेऊन बाहेर काढले. ज्या जागेला आपले पूर्वज नाइलाजाने घर म्हणत होते, तीच जागा देवाच्या पुत्राने मरणासाठी पत्करली. म्हणून जो दाराबाहेर आहे त्याच्यापासून दूर राहून आपल्याला ख्रिस्ताजवळ राहता येणार नाही. तो आधीच तिकडे गेलेला आहे.

२०२५ च्या जुबिली वर्षात पोप फ्रान्सिस यांनी २४ डिसेंबर २०२४ च्या रात्री सेंट पीटर बॅसिलिकाचे पवित्र दार उघडले. दोनच दिवसांनी, २६ डिसेंबरला, ते रोममधील रेबिबिया तुरुंगात गेले आणि तिथेही त्यांनी पवित्र दार उघडले. ज्यांच्यामागे दारे बंद केली जातात त्यांच्यामध्ये जाऊन त्यांनी ते उघडले. पोप लिओ चौदावे यांनी ६ जानेवारी २०२६ रोजी सेंट पीटरचे पवित्र दार विधीपूर्वक बंद केले. रोममधील दार आता पुढच्या जुबिलीपर्यंत बंद राहील. आपल्या गावातली दारे उघडायला जुबिलीची वाट पाहण्याची गरज नाही.

तेव्हा धर्मग्राम समितीशी बोलून आम्ही पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसाठी मे महिन्यात रोज संध्याकाळी धर्मशिक्षणाचा वर्ग होईल. त्याला मागची हजेरी विचारली जाणार नाही. मुलाची तयारी मुलाशी बोलून पाहिली जाईल आणि तयार असतील त्यांना जूनमध्ये प्रथम ख्रिस्तप्रसाद दिला जाईल. दिवाळीला निघणाऱ्या कुटुंबांनी आपण कोणत्या कारखान्याकडे जात आहोत ते सांगून जावे, म्हणजे तिथल्या जवळच्या धर्मग्रामाला आम्ही कळवू आणि हंगामात किमान एकदा स्वतः तिथे जाऊ. शिकवायला वेळ देऊ शकतील अशा शिक्षक बंधू-भगिनींनी आणि महाविद्यालयीन मुला-मुलींनी आज मिस्सानंतर आम्हाला भेटावे. हे आम्ही उपकार म्हणून करत नाही. जे आधीच करायला हवे होते ते आता करत आहोत.

त्या मुलीचे काय, असे तुम्ही विचाराल. ती आता बारा वर्षांची आहे. त्या दिवशी ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि आमच्याशी फारसे बोलली नाही. वर्गाला येशील का, असे आम्ही विचारले तेव्हा तिने आईकडे पाहिले. येईल की नाही, आम्हाला ठाऊक नाही. ती आली तर तिला कोणी “इतके दिवस कुठे होतीस?” असे विचारू नये, एवढी आमची विनंती आहे. तिला बसायला जागा करून द्यावी, पुढच्या बाकावर.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपापल्या दाराचाही विचार करावा. सून, शेजारी, रुसलेला भाऊ, दारू सोडून परत आलेला मुलगा, दुसऱ्या पंथात जाऊन पुन्हा येऊ पाहणारा नातलग, यांच्यापैकी कोणाला आपले उघडे दारही लावलेले दिसत असेल का? आपण कधी त्यांच्यापुढे एखादे रजिस्टर फिरवले आहे का?

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तू आमचे दार आहेस. ज्यांना आम्ही परत पाठवले त्यांच्याबद्दल आम्हाला क्षमा कर. आमच्या धर्मग्रामाला आणि आमच्या घरांना तुझ्यासारखे दार होण्याची कृपा दे, ज्यातून लहानातल्या लहानालाही न भिता आत येता यावे आणि बाहेर गेलेल्यालाही आपलेच घर आहे असे वाटावे. तू जो पिता आणि पवित्र आत्म्यासह युगानुयुग राज्य करतोस. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपले,
आपले धर्मगुरू